सीएनसी राउटर: पाटीवर उजवीकडे खोल, शटरवर उजवीकडे उथळ. बेड की झेड?

नक्षीवाला_कुडाळ · २ जुलै, रात्री १०:४०

मंडळी, चार दिवस डोकं पिकलंय. ४ बाय ८ फुटांची राउटर मशीन आहे (कॉम्प्युटरच्या सूचनांवर लाकूड कोरणारी), ३ किलोवॅटचा पाण्याने थंड होणारा स्पिंडल, म्हणजे बिट फिरवणारी मोटर, हातात धरायचा डीएसपी कंट्रोलर, तिन्ही अक्षांना (एक्स, वाय आणि वर-खाली होणारा झेड) पावलापावलाने फिरणाऱ्या स्टेपर मोटरी. दोन वर्षं त्यावर पाट्या, जाळ्या, किचनची शटर, देवघराची दारं सगळं काढलं, कधी तक्रार नव्हती. गेला महिनाभर खोली सरळ येतच नाही.

गोंधळ असा आहे की चूक एका बाजूची नाही. ९० अंशाच्या व्ही बिटने 'श्रमसाफल्य' अशी घराची पाटी काढली. 'श्र' झकास आला, 'ल्य'पर्यंत जाता जाता अक्षरं सुजली. म्हणजे उजवीकडे खोल. म्हटलं, बेड (माल ठेवायचा तळ) उजवीकडे उचलला असेल. दुसऱ्या दिवशी चार शटर शेजारीशेजारी लावून ३ मिमीची खाच मारली, तर उजव्या टोकाचं शटर पाव मिमी उथळ! एका रात्रीत बेड इकडचा तिकडे झुकतो का?

पाटीवाल्यांची वास्तुशांत आषाढी एकादशीच्या आत आहे. रोज फोन येतो.

तळकोकणी · २ जुलै, रात्री ११:०५

आधी टूल घट्ट आसा काय ता बघ. माझा असाच झाला होता. बिट हळूहळू खाली सरकत होता नि मी बेडाखाली पत्रे घालत बसलेलो.

भोसरी_जॉबवर्क · २ जुलै, रात्री ११:२०

बेडवरच्या एमडीएफला शेवटचा रंधा कधी मारला, म्हणजे मशीननेच तासून तो सपाट कधी केला? कधीच नाही, बरोबर? निम्म्या तक्रारी तिथेच संपतात. २५ मिमीचा सरफेसिंग कटर लाव, १४-१५ हजार आरपीएम, एका फेरीत ०.३ मिमी, त्याहून जास्त नको. आधी बोर्डभर पेन्सिलने आडव्यातिडव्या रेघा ओढ. जिथे रेघ उरेल तिथे खड्डा आहे. शेवटची रेघ पुसली जाईपर्यंत फेऱ्या मार. मशीन स्वतःच्याच चालीने बेड तासून घेते, त्यामुळे गँट्री (स्पिंडल वाहणारा आडवा पूल) थोडी वाकडी असली तरी बेड तिला समांतर होतो. दोन तासांचं काम आहे. उद्याच उरक.

लाकूडवेडी · ३ जुलै, सकाळी ७:५०

मी नाशिकला छोट्या घरगुती मशीनवर काम करते, त्यामुळे ४ बाय ८ चा अनुभव नाही, पण दोन प्रश्न. शून्य (जिथून खोली मोजायची ती पातळी) कुठून घेता, मालाच्या वरून की बेडवरून? आणि एमडीएफची जाडी मोजता का? १२ म्हणून आणलेली शीट सगळीकडे १२ असेलच असं नाही, पावसाळ्यात तर नाहीच. भिंतीला तिरकी टेकवून ठेवली की मधे पोटही सुटतं.

कोलेटचंही बघा, म्हणजे बिट पकडणाऱ्या चिमट्याचं. ६ मिमीचं बिट पाव इंचाच्या, म्हणजे ६.३५ च्या कोलेटमध्ये बसल्यासारखं वाटतं, पण नीट धरलेलं नसतं. वरच्या दिशेने भुसा काढणारं स्पायरल बिट असेल तर ते स्वतःलाच लाकडात ओढून घेतं. कोलेट आधी नटमध्ये 'टक्' करून बसवायचं, मग नट स्पिंडलवर. नुसतं स्पिंडलमध्ये टाकून वरून नट आवळला तर ते तिरकं बसतं.

नक्षीवाला_कुडाळ · ३ जुलै, दुपारी १:१५

@तळकोकणी, टूल बघितलं. कोलेट धुऊन पुसून घेतलं, ६ चं बिट ६ च्याच कोलेटमध्ये आहे. @लाकूडवेडी, पाटीला शून्य वरून, आरपार कापायचं असेल तर बेडवरून. जाडी मोजत नाही, खरं सांगतो. माल चारी कडांना क्लॅम्पने धरतो, मधे काही नसतं. @भोसरी, दोन वर्षांत रंधा एकदाही नाही. आज रात्री मारतोच.

टूलरूमवाले_काका · ३ जुलै, दुपारी ४:३०

थांब रे बाबा. रंधा मारू नकोस अजून.

तुझ्या पहिल्याच पोस्टमध्ये उत्तराचा अर्धा भाग आहे, कोणी त्याकडे बघितलं नाही. पाटीवर उजवीकडे खोल आणि शटरवर उजवीकडे उथळ. बेड वाकडा असता तर दोन्हीकडे एकाच बाजूला चूक आली असती. म्हणजे चुका दोन आहेत. एक जागेला चिकटलेली, दुसरी काम जसं पुढे सरकतं तशी वाढणारी. या दोघी एकमेकींत मिसळल्या की माणूस वेडा होतो, कारण कधी त्यांची बेरीज होते, कधी वजाबाकी. मी भोसरीत टूलरूममध्ये तीस वर्षं काढली. मिलिंग असो की राउटर, पहिला प्रश्न एकच: चूक जागा बघून येते की घड्याळ बघून?

ते ओळखायचा स्वस्त उपाय सांगतो. १२ मिमी एमडीएफचा ४ फूट बाय ४ फुटांचा तुकडा घे. त्यावर ३० मिमी चौरसाचे नऊ खड्डे, तीन ओळी, तीन रांगा, सगळे ३ मिमी खोल. समोरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरू करून ओळीने जा. नऊ झाल्यावर शून्य पुन्हा न घेता दहावा खड्डा पहिल्याच्या अगदी शेजारी मार. पहिला आणि दहावा यांची जागा एकच. फरक दिसला तर तो बेडचा असूच शकत नाही.

मोजताना व्हर्नियरची मागची दांडी वापरशील, पण पट्टीचं टोक मालावर सपाट दाबून धर, तिरकं झालं की ५ शतांश कुठेही जातात. प्रत्येक खड्डा तीनदा मोज. मग तुकडे करवतीने कापून खड्ड्याच्या तळाची जाडीही घे. खोली कमीजास्त आणि तळ मात्र सगळीकडे सारखा, असं असेल तर शीटचीच जाडी बदलते आहे, मशीनला बोल लावू नकोस.

पैसावसूल · ३ जुलै, संध्याकाळी ६:१०

स्टेपरवाली मशीन विकून सर्वोवाली घ्या. एवढ्या खड्ड्यांपेक्षा स्वस्त पडेल.

लाकूडवेडी · ३ जुलै, संध्याकाळी ६:२२

@पैसावसूल, सर्वो बसवला तरी कोलेट, बेड आणि फुगलेली शीट तीच राहणार. पैसे मात्र नक्की वसूल होतील, विकणाऱ्याचे.

नक्षीवाला_कुडाळ · ५ जुलै, सकाळी ९:००

काका, आधी कबुली. तुमची पोस्ट वाचायच्या आत रंधा सुरू केला होता. शेडवर नेट येत नाही. आडव्या दिशेने न जाता ८ फुटांच्या लांबीच्या ओळी ठेवल्या, डावीकडून उजवीकडे, दर ओळीनंतर टूल वर उचलून परत मागे. एका ओळीला १५ मिमी सरकत होतं. चाळीसेक ओळी झाल्यावर चहा पिऊन आलो तर बेडला उतार! सुरुवातीला ०.३ काढत होतं, चाळिसाव्या ओळीला जवळपास १.८. बंद केलं. बेडचा बोर्ड गेला कामातून.

मग काल तुमचे दहा खड्डे मारले. आकडे, डावीकडून उजवीकडे:

समोरची ओळ: ३.०२, २.८८, २.७१
मधली: ३.२५, ३.३१, २.९४
मागची: ३.३०, ३.१८, ३.०२
दहावा, पहिल्याच्या शेजारी: ३.३६

बेडच्या उजव्या, न तासलेल्या भागावर बसत नव्हतं म्हणून जुना बोर्ड उपटून तसाच दुसरा, न तासलेला टाकला होता. तळ कापून मोजला, खोली आणि तळ मिळून सगळीकडे १२ च्या आसपास येतं. जाडीत तीन-चार शतांशांच्या वर फरक नाही.

भोसरी_जॉबवर्क · ५ जुलै, सकाळी ९:४०

बोर्डाबद्दल वाईट वाटलं. रंधा मारायचा सल्ला मी घाईत दिला, झेडची खात्री आधी करायला हवी होती. झेड सरकत असताना रंधा मारला की ते सरकणं बेडवर कोरलं जातं.

टूलरूमवाले_काका · ५ जुलै, सकाळी ११:१५

बोर्ड वाया गेला नाही. त्याने मोठं काम केलंय, पुढे सांगतो.

पहिला ३.०२, दहावा ३.३६. एकाच जागी ०.३४ चा फरक. ही झाली घड्याळाची चूक. दोन खड्ड्यांच्या मधे टूल एकदा पूर्ण वर उठतं, म्हणजे पहिल्यापासून दहाव्यापर्यंत नऊ उचलण्या. ०.३४ भागिले ९, दर उचलणीला साधारण ०.०३८ मिमी.

आता रंधा. चाळीस ओळी, चाळीस उचलण्या. चाळीस गुणिले ०.०३८ म्हणजे १.५. आणि तू काय सांगितलंस? ०.३ चं १.८ झालं. दीडचाच फरक! दहा खड्ड्यांना फार तर पंधरा-वीस मिनिटं लागली असतील. रंध्याला त्याच्या कितीतरी पट वेळ, लाकूडही कितीतरी पट कापलं. तरी हिशोब जुळतो तो मिनिटांशी नाही, कापण्याशी नाही, उचलण्यांच्या संख्येशी. म्हणून मघाशी 'घड्याळ' म्हणालो तो शब्द मागे घेतो. तुझा झेड वर जाताना दर वेळी थोडा कमी जातोय. स्पिंडल आणि प्लेटचं ओझं दहा-बारा किलोचं. खाली येताना गुरुत्वाकर्षण हात देतं, वर जाताना सगळा भार मोटरीवर. म्हणून चूक नेहमी खोलच्या बाजूला.

आता हे दर खड्ड्यामागचं ०.०३८ वजा करून तेच आकडे बघ:

समोर: ३.०२, २.८४, २.६३
मधे: ३.१४, ३.१६, २.७५
मागे: ३.०७, २.९१, २.७२

चित्र कसं स्वच्छ झालं. तिन्ही ओळींत डावीकडून उजवीकडे साडेतीन-चार दशांश उतरतं. ही जागेची चूक, बेड उजवीकडे खाली आहे. आणि नेमका मधोमधचा ३.१६ बघ. शेजारचे दोन ३.१४ आणि २.७५, म्हणजे तिथे २.९५ च्या घरात यायला हवं होतं. दोन दशांश जास्त. मधे शीट वर फुगली आहे, कारण तू फक्त कडा धरतोस. लाकूडवेडीताईंनी पोट सुटतं म्हटलं ते हेच.

तुझं कोडंही सुटलं बघ. पाटीत पाच अक्षरं, पण काना, जोडाक्षरं धरून पंधराएक उचलण्या. त्या साडेपाच दशांश खोल नेतात. तेवढ्या दोन फुटांत बेडचा उतार फार तर दोन दशांश. म्हणून तिथे झेडची चूक जिंकली. आणि ९० अंशाच्या बिटात खोलीच्या दुप्पट रुंदी वाढते, म्हणून अक्षर सुजलेलं लगेच दिसलं. शटरवर खाचा मोजक्या, उचलण्या तीन-चार, तिथे बेडचा उतार जिंकला.

झेड आधी. हवेत चाचणी घे. स्पिंडल बंद, टूल काढून टाक. डायल गेज चुंबकी स्टँडवर बेडच्या लोखंडाला लाव, त्याचं टोक स्पिंडलच्या नटाला टेकव, डायल शून्य कर. झेड ५ मिमी वरून ३० मिमी वर, परत ५, असा पन्नास वेळा चालव. शेवटी पुन्हा मूळ जागी आण आणि डायल वाच.

वायरमन_सातारा · ५ जुलै, दुपारी २:३०

काकांच्या चाचणीला माझी पुस्ती. स्पिंडल बंद ठेवायला सांगितलं ते महत्त्वाचं आहे. व्हीएफडीची (स्पिंडलचा वेग ठरवणाऱ्या ड्राइव्हची) वायर आणि झेडच्या पल्सची (मोटरला एकेक पाऊल टाकायला सांगणाऱ्या सिग्नलची) वायर एकाच केबल-चेनमधून, शील्डचं अर्थिंग नाही, असं असलं की विजेच्या गोंगाटाचे खोटे पल्स घुसतात. स्पिंडल बंद असतानाही सरकलं तर व्हीएफडी निर्दोष.

दुसरी शक्यता, जी लोकांना माहीत नसते. मोटर चालवणाऱ्या ड्रायव्हरला दिशा बदलल्याचा सिग्नल आणि पल्स एकमेकांच्या फार जवळ आले, किंवा पल्सची चुकीची कड सेट असली, तर प्रत्येक वर-खाली जोडीमागे एक पल्स हरवतो. माक-थ्री या मशीन चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'स्टेप लो ॲक्टिव्ह'ची खूण उलटी असली की हेच होतं. माझ्या एका गिऱ्हाइकाचं साधं कटिंग उत्तम यायचं, फक्त गणपतीचा रिलीफ (उठावदार कोरीवकाम) करताना खोली पळायची. रिलीफमध्ये झेड हजारो वेळा दिशा बदलतो ना. ५ मिमी पिचचा बॉल स्क्रू (एका फेऱ्यात झेडला ५ मिमी सरकवणारा), ड्रायव्हर एका फेऱ्याला १६०० पल्सवर, म्हणजे एका मिमीला ३२० पल्स. एक पल्स जेमतेम ०.००३ मिमी. कटिंगमध्ये कोणाच्या लक्षात येणार? पण हजार जोड्यांत ३ मिमी.

तुमचं ०.०३८ म्हणजे दर उचलणीला बारा पल्स. कडेच्या चुकीला हे फार जास्त आहे. मला वाटतं मोटर मार खाते आहे किंवा काहीतरी घसरतंय. वेग अर्धा करूनही चाचणी घ्या.

नक्षीवाला_कुडाळ · ६ जुलै, रात्री ९:३०

डायल गेज शेजारच्या लेथवाल्याकडून आणलं. पन्नास उचलण्या, स्पिंडल बंद, टूल नाही. डायलचा काटा फिरून १.९ वर. वेग आणि ॲक्सिलरेशन अर्धं केलं, १.१. म्हणजे कमी होतं, पण जात नाही. ड्रायव्हरचा करंट एक पायरी वाढवून बघितला, काही फरक नाही.

वायरमनदादा, मग मोटरच मार खाते ना? नवीन मोटर मागवू का? ही मोटरसुद्धा मे महिन्यातच बदलली आहे. जुनी जळली होती.

टूलरूमवाले_काका · ६ जुलै, रात्री ९:४८

मे महिन्यात मोटर बदललीस आणि महिनाभर खोली बिघडली आहे. हे पहिल्या पोस्टमध्ये का नाही सांगितलंस!

काही मागवू नकोस. काळा मार्कर घे. झेडची मोटर, कपलिंग (मोटर आणि स्क्रूला जोडणारा सांधा) आणि बॉल स्क्रू यांच्यावरून वरपासून खालपर्यंत एक उभी सरळ रेघ ओढ. मग पुन्हा पन्नास उचलण्या पूर्ण वेगाने, आणि झेड मूळ जागी आण. मोटर पावलं हुकवत असेल तर रेघ अखंड राहील, सगळं मिळून मागे राहिलेलं दिसेल. काही घसरत असेल तर रेघ जिथे तुटेल तिथे चोर.

नक्षीवाला_कुडाळ · ७ जुलै, सकाळी ८:२०

रेघ तुटली!! मोटरच्या शाफ्टवरची एकीकडे आणि कपलिंगवरची भलतीकडे. कपलिंग ते स्क्रू अखंड आहे. घसरण मोटरच्या बाजूला. कपलिंगवरची रेघ वर्तुळाच्या तिसऱ्या हिश्शाहून जराशी जास्त फिरली आहे.

टूलरूमवाले_काका · ७ जुलै, सकाळी ८:३५

१.९ भागिले ५ मिमी पिच, ०.३८ फेरा. तिसऱ्या हिश्शाहून जरासं जास्त, बरोबर. म्हणजे सगळीच्या सगळी चूक त्या कपलिंगमध्ये आहे, मोटरने एकही पाऊल हुकवलेलं नाही. उघड आणि काय दिसतं ते सांग.

नक्षीवाला_कुडाळ · ७ जुलै, सकाळी १०:५०

उघडलं. कपाळावर हात मारून घेतला.

नव्या मोटरचा शाफ्ट १२.७, म्हणजे अर्धा इंच. कपलिंगचं भोक १४ चं, जुन्या मोटरचं. ज्याने मोटर बसवली त्या माणसाने शाफ्टभोवती पत्र्याची पट्टी गुंडाळली आणि वरून स्क्रू आवळला. पत्रा चेपून गुळगुळीत झालाय, शाफ्टवर चकचकीत गोल पट्टा पडलाय. पट्टी बाहेर काढली तर तिच्यावर अर्ध्या रंगाचं काहीतरी छापलेलंही आहे, बहुतेक रंगाच्या डब्याचा तुकडा.

तळकोकणी · ७ जुलै, सकाळी ११:१०

आमच्या आजोबांनी खाटेच्या पायाखाली घातलेलो पत्रो अजून टिकलेलो आसा. पण तिका दहा किलोचो स्पिंडल उचलूक नाय लागणा.

श्टुटगार्टचा_सुतार · ७ जुलै, दुपारी १:००

इथून वाचत होतो, आता राहवलं नाही. नवीन कपलिंग एका बाजूला १२.७ आणि दुसऱ्या बाजूला तुमच्या स्क्रूच्या मापाचं, क्लॅम्प प्रकारचं घ्या. म्हणजे भोकाला चीर असलेलं, जे सगळीकडून आवळतं. नुसत्या ग्रब स्क्रूवालं घेऊ नका, ते शाफ्टवर टोचून उभं राहतं आणि सैल झालं की तुमच्या पत्र्यासारखंच वागतं. बसवण्याआधी शाफ्ट आणि भोक दोन्ही थिनरने पुसा, तेलाचा थेंब राहिला तरी घसरतं. मोटरचं तोंड आणि स्क्रूचं टोक एका रेषेत आहे ना तेही तपासा, नाहीतर दोन महिन्यांत कपलिंगचे वेढे तडकतात. आणि ती मार्करची रेघ पुसू नका, कायमची राहू द्या.

वायरमन_सातारा · ७ जुलै, दुपारी १:२५

वेग अर्धा केल्यावर १.९ चं १.१ झालं याचं उत्तरही मिळालं. धक्का कमी, घसरण कमी. मी मोटर मार खात असेल म्हणालो होतो. या लक्षणात दोघं जुळे भाऊ दिसतात. रेघ नसती तर नवीन मोटर आली असती आणि तिलाही हाच पत्रा गुंडाळला गेला असता.

नक्षीवाला_कुडाळ · १० जुलै, रात्री ११:००

कपलिंग कोल्हापूरहून एसटी पार्सलने आलं. बसवलं. हवेत पन्नास उचलण्या, डायल शून्यावरून एक शतांशही हलला नाही. शंभर केल्या, तरी नाही.

मग रंधा. या वेळी बोर्ड नवीन, १८ चा. भोसरीदादांच्या रेघा, ०.३ च्या दोन फेऱ्या, दुसऱ्या फेरीत उजवीकडच्या कोपऱ्यातली शेवटची रेघ गेली. पुन्हा दहा खड्डे मारले:

समोर: ३.००, २.९८, २.९९
मधे: ३.०१, ३.१७, ३.००
मागे: २.९९, ३.००, २.९७
दहावा: ३.००

मधला तेवढा अजून हट्टाने खोल. तो फुगवट्याचाच ना?

लाकूडवेडी · १० जुलै, रात्री ११:२५

नक्की तोच. हाताने मधे दाबून बघा, शीट खाली-वर होईल. पाटीसारख्या छोट्या मालाला मी मास्किंग टेप वापरते. एक पट्टा बेडवर, एक मालाच्या पाठीवर, दोन्ही चिकट बाजू आपापल्या पृष्ठभागाला. दोन पट्ट्यांच्या मधे फेविक्विकचे थेंब, अर्धा मिनिट दाबून धरायचं. काम झालं की टेप सोलून निघतो, मागे डाग नाही. स्क्रू नको, क्लॅम्प नको, बिट आपटायची भीती नको. मोठ्या शीटला मात्र जाळीच्या वाया जाणाऱ्या भागात स्क्रू मारणंच बरं.

भोसरी_जॉबवर्क · ११ जुलै, सकाळी ८:००

आणि कुडाळच्या पावसात बेडचा बोर्ड एका बाजूनेच तासू नको. वरचा कडक थर गेला की ती बाजू दमट हवा पटकन ओढते, खालची ओढत नाही, बोर्ड वाकतो. उलटा करून खालच्या बाजूलाही एक हलकी फेरी मार, मग परत सुलटा लावून वर शेवटची फेरी. चारही कडांना फेविकॉल पाणी घालून चोळ किंवा सीलर मार, एमडीएफ सगळ्यात जास्त पाणी कडेतून पितं. शीट भिंतीला टेकवू नकोस, आडव्या, तीन लाकडांवर.

श्टुटगार्टचा_सुतार · ११ जुलै, दुपारी १२:१०

बारीक कोरीवकाम असेल तर स्पिंडल आधी दहा मिनिटं रिकामा फिरवून मग शून्य घ्या. गरम झाल्यावर तो काही शतांश लांबतो. शटरला याने काही फरक पडत नाही, पण अर्धा मिमी खोलीच्या अक्षरांना पडतो.

नक्षीवाला_कुडाळ · १२ जुलै, संध्याकाळी ७:४५

बोर्ड दोन्ही बाजूंनी तासला, कडा भरल्या. टेप-फेविक्विक करून मधला खड्डा पुन्हा मारला, ३.०२. 'श्रमसाफल्य' आज परत काढली, सागवानात. 'श्र' आणि 'ल्य' मोजले, उभ्या दांड्याची रुंदी दोन्हीकडे ४.१. सुजलेली जुनी पाटी शेडच्या दारावर लावली आहे, त्या माणसाला दाखवायला, ज्याने मोटर बसवली.

टूलरूमवाले_काका · १२ जुलै, रात्री ८:१०

छान. त्याच माणसाने बाकीच्या मोटरींना कधी हात लावला होता का?

नक्षीवाला_कुडाळ · १२ जुलै, रात्री ८:१४

गेल्या दिवाळीत वाय अक्षाची उजवी मोटर.

टूलरूमवाले_काका · १२ जुलै, रात्री ८:१५

बघ.

नक्षीवाला_कुडाळ · १२ जुलै, रात्री ९:०२

पत्रा आहे. त्याच डब्याचा.